मागच्या दारापासून सहा फूट

आमच्या घरात आधी स्वयंपाकघर उभं राहिलं, मग घर. रत्नागिरीच्या बंदराच्या वरच्या अंगाला, चढावर, मी चार गुंठे जागा घेतली तेव्हा हातात पैसे होते ते एका खोलीपुरते. जांभ्या दगडाची एक खोली बांधली. तिथेच चूल, तिथेच अंथरूण, आणि कोपऱ्यात मासळीच्या रिकाम्या पाट्या. नवरा बोटीवर जायचा. छातीच्या दुखण्याने तो लवकर गेला, तेव्हा मुलगा चौथीत होता. पुढच्या तीन खोल्या मी मासळी विकून एकेक करत जोडल्या. प्रत्येक खोलीच्या वेळी गवंड्याशी भांडले, चिरेवाल्याशी भांडले, एकदा तर पंचायतीच्या शिपायाशीही भांडले. पहिली खोली मात्र स्वयंपाकघरच राहिली.

आता मी पाटी डोक्यावर घेत नाही. गुडघे ऐकत नाहीत. पहाटे बंदरावर जाते, लिलावात माल घेते, तीन-चार खाणावळींना पोचवते आणि दहाच्या आत घरी. मग दुपारचं जेवण मी करायचं हे ठरलेलंच. मुलगा कॉलेजच्या ऑफिसात, सून एका पतसंस्थेत, दोघं दुपारी जेवायला घरी येतात. लग्नाला दोन वर्षं झालेली. सून आतल्या गावची, शेतकरी घरातली. मासळी खाते, आवडीने खाते.

गेल्या हिवाळ्यात तिला दम लागायला लागला. रात्री उठून बसायची. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी बरोबर होते. ते म्हणाले, घरात धूर नको, तळणाचा आणि फोडणीचा ठसका नको. मासळी नको असं ते म्हणाले नाहीत. हे मी तेव्हाच मनात नोंदवून ठेवलं. घरी येईपर्यंत मात्र त्याचं "मासळी बाहेर" असं झालं होतं. कोणी केलं ते सांगता येत नाही. रिक्षात आम्ही तिघंच होतो.

महिन्याभराने मुलाने संध्याकाळी मोबाइल पुढे धरला.

"आई, हे बघ."

फोटोत कोणा परदेशातल्या माणसाची बाग होती. चकचकीत स्टीलचा कट्टा, वर लाकडी छप्पर, समोर उंच स्टुलं.

"ह्याला आउटडोअर किचन म्हणतात."

"आपल्याकडे मागची चूल म्हणायचे," मी म्हटलं. "ती मोडून आत गॅस आणला तेव्हा तू आळीभर सांगत फिरला होतास."

तो हसला. "असलं करायला चार लाख लागतात म्हणे. आपल्याला एवढं नको. पण तू मनावर घेतलंस तर लाखाच्या आत होईल. तुझ्यासारखा भाव कोणाला जमतो?"

सून दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, तुम्हाला तिथे मोकळं वाटेल. वारा असेल."

मला लगेच कळलं. मला घरातून बाहेर काढायचं आणि त्याचा भाव मीच पाडून द्यायचा. खरं तर तिथे माझं डोकं फिरायला हवं होतं. माझ्या डोक्याची बंदरावर ख्याती आहे. कमी वजन देतो म्हणून मी एका दलालाची बर्फाची पेटी भर लिलावात उलटी केली होती. त्या संध्याकाळी मात्र आतून काहीच उठलं नाही. बर्फात हात फार वेळ राहिला की बोट कापलेलं कळत नाही, रक्त दिसलं की कळतं. तसंच झालं होतं.

"किती फूट बाय किती फूट?" मी विचारलं.

मग तीन रविवार आम्ही परसात टेप घेऊन फिरलो. मुलाला कट्टा मागच्या भिंतीला लागूनच हवा होता, म्हणजे एक भिंत वाचली असती. मी म्हटलं, नाही चालणार. आमच्या घराचं तोंड समुद्राकडे, पश्चिमेला. दुपारी वारा समुद्रावरून येतो, तेव्हा मागचा धूर पलीकडे जाईल. पण सकाळी वारा उलटा, डोंगराकडून वाहतो. सकाळी पेटवलेल्या चुलीचा धूर सरळ मागच्या दारातून आत येणार, मग हा खटाटोप कशाला?

हे बोलून समजण्यासारखं नव्हतं. म्हणून एका सकाळी मी माडाची सुकी झावळ पेटवली आणि ती हातात धरून दाराजवळ उभी राहिले. सून दारात उभी राहिली, नाकाला ओढणी लावून.

"इथे लागतो?"

"लागतो."

मी दोन पावलं मागे गेले. "इथे?"

"थोडा लागतो."

"आणि इथे?"

"आता नाही."

तिथे मी चिऱ्याचा एक तुकडा ठेवला. मुलाने टेप लावली. मागच्या दारापासून सहा फूट भरले. हातातली झावळ विझेपर्यंत मी तिथेच उभी होते.

बाकीचं ठरवणं सोपं होतं. वर कौलं सुंदर दिसली असती, पण आमच्याकडे वानर येतात, त्यांनी एका मोसमात निम्मी फोडली असती. म्हणून पत्रा. ग्रॅनाइट नको, कडाप्पा. त्यावर हळद दिसत नाही आणि तो निम्म्या किमतीत येतो. एक गॅसची शेगडी, एक चूल. चूल मी मागून घेतली, सुकी मासळी निखाऱ्यावर भाजायची तर तीच लागते. मासळी साफ करायला खाली बसून करता येईल अशी छोटी मोरी, तिचं पाणी केळीच्या बुडाशी. घराकडच्या बाजूला कमरेएवढी भिंत, बाकी बाजूंना मांजरं-कावळ्यांसाठी जाळी. मुलाला मांस भाजायची जाळीची भट्टीही हवी होती. "कोण भाजणार?" मी विचारलं. तो म्हणाला, "मित्र आले की." मी म्हटलं, "मग भट्टीही मित्रांनाच घेऊन यायला सांग." भट्टी गेली.

यादी सुनेने लिहिली. तिचं अक्षर छापल्यासारखं. प्रत्येक ओळीपुढे अंदाजे रक्कम. सगळ्यात खाली तिने लिहिलं होतं: मधला पत्रा, दारापासून कट्ट्यापर्यंत, नऊ हजार. आणि पुढे बारीक अक्षरात: आई भिजतील.

मी ती ओळ दोनदा वाचली. म्हणजे पावसाळ्यातही मी तिथेच, हे हिने धरून ठेवलेलं आहे. मला त्यात एवढंच दिसलं.

गवंड्याची मजुरी तीस हजार धरून बेरीज ब्याण्णव हजार झाली. मुलगा म्हणाला, छान, लाखाच्या आत आहे. मी म्हटलं, "ऐंशीच्या वर एक रुपया जाणार नाही. गेला तर माझं नाव बदला." कोणी मागितलं नव्हतं. मीच बोलून बसले.

गवंडी लांज्याकडचा. माझ्या शेवटच्या खोलीचं काम त्यानेच केलं होतं. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. फेब्रुवारीत त्याला बोलावला. जागा बघून, टेप लावून, चहा पिऊन तो म्हणाला, "मावशी, मजुरीचे तीस."

"तीस हजारात तू माझ्याकडे वर्षभर दोन्ही वेळ जेवशील."

"जेवलोय की मागच्या खेपेला. तुमच्या तिखटानं दोन दिवस कामावर येता आलं नाय."

"अठरा देते."

"अठरात नुसता ओळंबा लावून जातो. भिंत तुम्ही बांधा."

"मग राहू दे. तू तुझ्या घरी, मी माझ्या."

तो उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "मावशी, ह्यो बांगडा नाय. सांजच्याला वास मारायला."

मी हसले आणि फाटक लावलं. तो बोलला त्यात सगळं होतं, पण मी त्या वेळी ते थट्टेवारी नेलं. मासळीच्या धंद्यात ज्याला स्वस्त हवं तो सकाळी येत नाही. तो संध्याकाळी पाच वाजता येतो. तेव्हा बर्फ वितळलेला असतो, पाटीत शेवटचे दोन वाटे असतात आणि बाईला घर गाठायचं असतं. मग ती शंभराचा वाटा चाळीसला देते. तीस वर्षं मी पाटीमागे बसून असं देत आले. असे पाच वाजता येणारे चेहरे मला अजून आठवतात. ह्या खेपेला मी पाच वाजताचं गिऱ्हाईक व्हायचं ठरवलं. थांबायचं. येईल आपणहून.

थांबताना मी रिकामी नव्हते. खाणीवर स्वतः गेले, चिरे निवडून घेतले, तुटका एकही मोजू दिला नाही. पत्रेवाल्याकडे तीन चकरा मारल्या. कडाप्पाच्या दुकानात मालकाला इतकं बोलले की तो म्हणाला, घ्या आणि जा. सामानात आठ हजार वाचवले. चिरे परसात रचून ठेवले, त्यांच्यावर पालापाचोळा साठला. गवंडी काही आला नाही.

मार्च गेला, एप्रिल गेला. मी रोज आतल्या स्वयंपाकघरात मासळी तळत होते. सून रविवारी घरी असली की फोडणीच्या आधी खोलीचं दार लावून घ्यायची, दाराखालच्या फटीला चादर लावायची. तक्रार एकदाही केली नाही. तिने केली असती तर मला सोपं गेलं असतं.

एका रविवारी ती दार लावायला गेली नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली.

"आई, तुम्हाला ते बाहेरचं नको असेल तर तसं सांगा. मी दुसरं काहीतरी बघते. मोठा पंखा बसवून घेऊ, नाहीतर मी तेवढा वेळ बाहेर जाऊन बसेन."

ती मनापासून बोलत होती. माझ्या हातात कालथा होता. त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं की ही खोली माझी आहे, मला इथून जायचं नाही. पण मला काय हवं आहे ते समोरच्याला सांगायची मला सवय नाही. जिने सांगितलं तिने पैसे घालवले, असंच मी शिकले.

"नको कशाला असेल?" मी म्हटलं. "गवंड्याचा भाव जुळत नाही एवढंच."

ती खोकली आणि आत गेली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मीच गवंड्याला फोन केला. पाठीमागे काँक्रीटच्या मिक्सरचा आवाज येत होता. तो तीन ठिकाणी कामावर होता. पावसाच्या आधी प्रत्येकाला काहीतरी उरकून हवं असतं, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण ते मी कधी माझ्या बाजूने मोजलंच नव्हतं. मासळी संध्याकाळी उतरते, गवंडी मे महिन्यात चढतो.

"आता अडतीस, मावशी. आणि मृगाला मी गावाला. पेरणी हाय."

मग मात्र माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. मी त्याच्या गावापासून त्याच्या ओळंब्यापर्यंत सगळं काढलं. तो फोन धरून होता. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला, "झालं भांडून? मग येत्या सोमवारी येऊ काय?"

छत्तीसवर मिटलं. अठरा म्हणणारी मी, छत्तीस देऊन बसले.

त्या दुपारी यादी पुढे घेतली. सामानातले वाचवलेले धरूनही नव्वद होत होते. ऐंशीचा शब्द मी दिलेला, आणि तो दोघांच्याही लक्षात होता. पेन्सिल घेऊन खालून वर गेले. एका बाजूची जाळी खोडली, दीड हजार. मधला पत्रा खोडला, नऊ. साडेएकोणऐंशी झाले.

मुलाने कागद बघितला. "अगं, पण पाऊस?"

"घरात छत्र्या आहेत."

सुनेने कागद घेतला, खोडलेली ओळ बघितली आणि घडी करून परत दिला. मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. चहा गार झाला होता तो प्यायले.

मृगाच्या दोन दिवस आधी काम संपलं. गवंडी हिशेब घेऊन गेला, जाताना म्हणाला, "कट्टा एक नंबर झालाय. पण मावशी, मध्ये वर काय तरी टाका." मी म्हटलं, "तुझं काम झालं ना? मग जा." त्याच दिवशी मी माझी भांडी बाहेर नेली. पातेली, तवा, विळी, मसाल्याचे डबे. आतल्या फळीवर त्यांच्या बुडाचे गोल डाग तेवढे राहिले. सुनेने ते दुसऱ्या दिवशी घासून काढले. तिने सगळीच फळी घासली होती, पण मला डागच आठवतात.

जून-जुलै बंदर बंद असतं. बोटी वर ओढलेल्या, लिलाव नाही, मला काम नाही. घरात सुकी मासळी. सुके बांगडे, सुकट, बोंबील. त्यांचा वास बंद घरात दोन दिवस जात नाही हे मलाही मान्य आहे. सून आत वरण-भात, भाजी करायला लागली. मी बाहेर. कालवणाचं पातेलं एका हातात, छत्री दुसऱ्या हातात, पायाखाली लाल चिखल. सहा फूट म्हणजे चार पावलं, पण त्या चार पावलांत दोनदा घसरले, एकदा अर्धं कालवण केळीला गेलं. मग मी मुलालाच हाक मारायला लागले, तो डोक्यावर प्लास्टिक घेऊन पळत यायचा आणि भांडं घेऊन जायचा. मी माझं ताट बाहेरच वाढून घ्यायला लागले. ये-जा नको म्हणून.

"आई, आत येऊन जेव," मुलगा दारातून ओरडायचा.

"येते," मी म्हणायचे आणि जात नसे.

सुनेचा दम कमी झाला. रात्री तिच्या खोलीतून खोकल्याचा आवाज येईनासा झाला. मी जागी असायचे, म्हणून मला ठाऊक. म्हणजे डॉक्टरांचं खरं होतं, तिचं खरं होतं आणि चूल बाहेर नेली तेही बरोबर होतं. माझ्या रागाला धरायला कोणी उरलंच नाही. तरी तो गेला नाही. कोणावर काढायचा ते ठरत नसल्यामुळे तो तसाच पडून होता, आणि मी चुलीजवळ बसून जाळीबाहेर बघत असायचे. त्या दिवसांतलं मला फारसं काही आठवत नाही. पाऊस किती झाला, कोण आलं, कोण गेलं, काही नाही.

जुलैच्या शेवटाला पावस गावी बहिणीकडे गेले. तिचा पाय मोडला होता. दोन रात्री राहिले आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परत आले. घराला वळसा घालून मी हल्ली सरळ मागेच जायचे. गेले, आणि थांबले.

दारापासून कट्ट्यापर्यंत हिरवा पत्रा होता. चार लोखंडी नळ्यांवर, उताराने बसवलेला. खाली चिखलावर कोणीतरी उरलेले चिरे ओळीने मांडले होते.

सून दारात आली. तिने रजा घेतली होती.

"हे कोणी केलं?"

"मी करून घेतलं. काल उघडीप होती, वेल्डर आला होता. चिरे ह्यांनी मांडले."

"पैसे?"

"माझ्या पगारातले."

"किती घेतले त्याने?"

"चौदा हजार."

मेमध्ये नऊ लागले असते. आणि जुलैमध्ये वेल्डर रिकामा बसलेला असतो, त्याला कोण विचारतं? मी असते तर आठात केलं असतं, वर नळ्यांना रंग मारून घेतला असता. रंग मारलेला नव्हता, ते मी आल्या आल्याच बघितलं होतं.

"कमी करायला सांगितलंस की नाही?"

"नाही. तुम्ही परत यायच्या आत व्हायला हवं होतं. तुम्ही असता तर होऊ दिलं नसतंत." मग तिने विचारलं, "जास्त गेले का, आई?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. नळीचा भाव, पत्र्याचा भाव, त्या वेल्डरच्या बापापासूनचा इतिहास. ती माझ्याकडे बघत होती. ओढणीचं टोक तिने हातात घट्ट धरलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "पावसाळ्यात तेवढे पडतातच."

तिने ओढणी सोडली.

दुपारी मी सुके बांगडे भाजले. ती पत्र्याखालून चार फूट पुढे आली, नाकाला ओढणी लावून. धूर सुरू होतो तिथे बरोबर थांबली आणि हात लांब करून ताटली घेतली.

"आत या. मी पानं घेते."

चूल विझवून गेले. माझ्या जुन्या स्वयंपाकघरात तिघं जेवायला बसलो. पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की बोलायची सोय नव्हती, आणि ते बरंच झालं.

माझी चूल अजून बाहेरच आहे आणि तिथेच राहणार. त्याचं मला वाटायचं ते वाटतंच. आता पावसात मी आत येऊन जेवते, एवढाच फरक. तो वेल्डर बाजारात अधूनमधून समोर येतो, "काय मावशी, बरं चाललंय ना?" म्हणतो. मला त्याचे जास्तीचे पाच-सहा हजार आठवतात आणि कान तापतात. मी "हो" म्हणून पुढे जाते. त्याला बोलले तर ते फिरून सुनेच्या कानावर जाईल, आणि तिला वाटेल की तिचे पैसे फुकट गेले.